हेल्का प्रवासात आहे

मुळात काम होतं एका रेघेचं. सहा मीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद, रंग पांढरा. नगरपालिकेच्या मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला भिंतीवर एक सरळ रेघ ओढता येऊ नये, असं कुणी म्हणालं तर मी त्या माणसाशी बोलणं टाकीन. अर्थात आमच्या बिल्डिंगमध्ये तसंही कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, त्यामुळे आपल्याशी बोलणं टाकलंय हे त्या बिचाऱ्याला कळायलाच वर्ष-दोन वर्षं जातील. ते असो. या रेघेपायी माझे एकोणीस दिवस गेले, चौदा सह्या आणि तीन अर्ज झाले, अब्रू गेली ती वेगळीच, आणि इतकं करून रेघ काही ओढली गेली नाही.

सुरुवात सॉनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात झाली. बुधवारी सहा ते सात ही आमच्या तळघरातल्या सॉनात बायकांची पाळी. मे महिन्यातल्या एका बुधवारी माझी बायको मार्केत्ता तिथून वर आली आणि गप्प बसली. ती गप्प आहे हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले, कारण बोलायची सवय आम्हा दोघांनाही नाही. शेवटी एका सकाळी लापशीत चमचा फिरवता फिरवता तीच म्हणाली,

"हेल्का घर विकतेय."

"आपली हेल्का?"

"नाही, राष्ट्राध्यक्षांची! आपलीच. ऊलूला मावसबहिणीकडे जाणार म्हणते. कायमची."

"पण का? आत्ताच तर नवीन पाइप टाकले बिल्डिंगला."

मार्केत्ताने चमचा खाली ठेवला. सॉनात बोललेलं सॉनाबाहेर न्यायचं नसतं, त्यामुळे पुढचं वाक्य अगदी तिच्या जिवावर आलं होतं.

"म्हणाली, इथे सगळ्यांना माझी लाज वाटते. सदतीस वर्षं झाली, त्या मॅचबद्दल एकानेही शब्द काढला नाही. मी काय समजायचं ते समजले, म्हणाली."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार?"

"काहीच नाही?"

"तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं," मार्केत्ता म्हणाली. "चांगलं दोन डाव भरून."

आमच्या हिशेबाने दोन डाव पाणी म्हणजे पुष्कळच झालं. पण हेल्कापर्यंत ते पोचलं नसावं.

आता हेल्का साल्मेला कोण, हे सांगायला हवं. आमच्या अंगणाच्या टोकाला बॉयलरची खोली आहे. तिच्या मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर हेल्काच्या वडिलांनी, म्हणजे कागदाच्या गिरणीतल्या आउलिसने, एका उन्हाळ्यात पांढरी रेघ ओढली आणि आठ वर्षांच्या पोरीला सांगितलं, ही जाळी, हिच्या वर मारायचं. तेव्हापासून नऊ वर्षं बायकांची गालिचे झटकायची वेळ संपली की हेल्काची धप-टप, धप-टप सुरू. हिवाळ्यात ती आधी फावड्याने बर्फ काढायची आणि हातमोजे घालून खेळायची. सतराव्या वर्षी भिंतीकडून शिकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती जगात गेली.

पुढची बारा वर्षं तिने स्पेनच्या लाल मातीत, तुर्कस्तानच्या वाऱ्यात, ब्राझीलच्या उकाड्यात काढली. रात्रभर बसने जायचं, सकाळी पात्रता फेरी खेळायची, संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवायचे. तिच्यासोबत ना प्रशिक्षक, ना मॅनेजर. रॅकेटच्या तारा ती स्वतःच विणायची. क्रमवारीत एकदा ती एकशे सव्विसावी आली. जगात एकशे सव्विसावी! मी आमच्या मोजणी खात्यात कधी तिसऱ्याच्या वर गेलो नाही, आणि खात्यात आम्ही चौघंच होतो.

आणि मग अठ्ठ्याऐंशी सालची ती लंडनची मॅच. समोर मानांकन मिळालेली अमेरिकन मुलगी, शेवटचा सेट, हेल्का पाच-दोनने पुढे आणि मॅच पॉइंट. आमच्या बिल्डिंगच्या क्लबरूममध्ये आम्ही एकतीस जण एका टीव्हीसमोर बसलो होतो. हेल्काने फोरहँड मारला. चेंडू रेषेच्या चार बोटं बाहेर पडला. त्यानंतर तिचा हात जो गळाला तो गळालाच. सात-पाचने हरली.

कुणीतरी उठून टीव्ही बंद केला. आणि त्या क्षणी आम्ही एकतीस जणांनी, एकमेकांशी अक्षरही न बोलता, एकमताने एक ठराव केला: पोरीला याची आठवण म्हणून करून द्यायची नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सायकलींच्या खोलीत जाऊन, एका लहान मुलाच्या तीनचाकीवर बसून मी हमसून हमसून रडलो. हे मी आजवर मार्केत्तालाही सांगितलेलं नाही.

खांदा गेल्यावर एकोणतिसाव्या वर्षी हेल्का परत आली, आईच्याच घरात राहिली आणि पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसू लागली. दर मंगळवारी मी खिडकीपाशी जाऊन म्हणतो, "एक." ती तिकीट देत म्हणते, "एक." तीस वर्षं आमचं एवढंच संभाषण, आणि त्यात टेनिसचा 'ट'सुद्धा येऊ न दिल्याचा मला केवढा अभिमान होता! याला आम्ही माया समजत होतो.

"जाऊन सांग की तिला," मार्केत्ता म्हणाली.

"काय सांगू?"

"लाज नाही वाटत म्हणून."

"तोंडाने?"

मार्केत्ताने विचार केला. तिलाही ते जरा अतीच वाटलं असावं.

दोन दिवसांनी पेपरात हेल्काची दोन ओळींची जाहिरात आली: 'हेल्का साल्मेला. साठाव्या वाढदिवशी प्रवासात.' आमच्याकडे पन्नाशीला किंवा साठीला हे छापून आणलं नाही, तर सकाळी दहाला दारावरची घंटा वाजते ती संध्याकाळपर्यंत वाजत राहते. अख्खं गाव दारात बूट काढून, न बोलता, कॉफी पिऊन जातं. ज्याला ते नको असतं तो 'प्रवासात' असं छापतो, पडदे ओढून घरात बसतो, दिवसभर रेडिओ लावत नाही. तो घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असतं. माझ्या पन्नाशीला मी स्वतः पोर्तुगालला गेलो होतो, तो स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली, कारण आमच्या खिडकीला पडदा नाही.

जाहिरात वाचता वाचताच मला ती कल्पना सुचली. आउलिसची रेघ आता इतकी पुसट झाली होती की माहीत असलेल्यालाच दिसे. वाढदिवसाच्या सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ती नव्याने रंगवायची! ती 'प्रवासात' असणार, म्हणजे मध्ये येणार नाही. 'परत' आली की बघेल, आणि तोंडाने काही न बोलता तिला सगळं कळेल. तासाभराचं काम. एक डबा रंग, एक ब्रश, एक मोजपट्टी.

मी सोसायटीचा चेअरमन काउकोकडे गेलो. काउको गिरणीत सुरक्षा अधिकारी होता. निवृत्त झाल्यापासून गिरणी सुरक्षित आहे आणि आमची बिल्डिंग धोक्यात आली आहे.

"रेघ?" काउको म्हणाला. "कशासाठी?"

"अशीच."

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. तोही त्या एकतीस जणांतला. त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं. मग त्याने घसा खाकरला.

"अर्ज दे लेखी. रेघ कायमस्वरूपी की तात्पुरती?"

"कायमस्वरूपी."

"मग तो इमारतीच्या दर्शनी स्वरूपात बदल झाला. नगरपालिकेची परवानगी लागेल."

"अरे, ती बॉयलरच्या खोलीची मागची बाजू आहे! तिथे दर्शन घ्यायला कोण येतं?"

"इल्पो, नियम हा नियम. तू तर खात्यातला माणूस आहेस."

इथे त्याने माझ्या वर्मावर बोट ठेवलं. मी खात्यातला माणूस होतोच. लोकांनी परवानगी न घेता बांधलेली किती कुंपणं मी माझ्या हयातीत सहा-सहा सेंटिमीटरने मागे सरकवायला लावली असतील! मी निमूटपणे नगरपालिकेत गेलो.

खिडकीत सातू होती. मी तिला खात्यात लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं यंत्र लावायला शिकवलं होतं. माझ्या निरोप समारंभात तिने माझ्याविषयी तीन वाक्यं म्हटली होती, आणि ती ऐकून माझे कान लाल झाले होते. आता ती म्हणाली,

"इल्पो! अर्ज ऑनलाइन करायचा."

"पण मी समोर उभा आहे."

"हो, पण तू सिस्टममध्ये नाहीस."

ऑनलाइन अर्जात 'बांधकामाचा प्रकार' म्हणून कुंपण, गच्ची, शेड, जाहिरात फलक आणि धान्याचं कोठार एवढेच पर्याय होते. रेघ नव्हती. मी बराच विचार करून कुंपण निवडलं, कारण जाळी हे तत्त्वतः कुंपणच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की नव्वद सेंटिमीटर उंचीच्या कुंपणाने बॉयलरच्या खोलीचा आपत्कालीन मार्ग अडत नसल्याचा आराखडा जोडा. मी मग जाहिरात फलक निवडला. त्यावर विचारणा झाली की जाहिरात कशाची. मी लिहिलं, 'कशाचीही नाही.' तेव्हा सातूने मला घरी फोन केला. असा फोन ती कधीच करत नाही.

"इल्पो, खरं सांग, काय चाललंय?"

मी सांगितलं. म्हणजे, 'हेल्का' एवढंच म्हणालो.

"माझे वडील त्या क्लबरूममध्ये होते," सातू म्हणाली. "फक्त सगळ्या सदनिकांची ना हरकत आण. बाकीचं मी बघते."

झालं! चौदा सदनिका, चौदा सह्या. मी कागद घेऊन दारोदार हिंडलो. सही सगळ्यांनी केली, पण सल्ल्याशिवाय कुणी सोडलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याचं म्हणणं, पांढरा रंग मळतो, पिवळा घ्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची लेम्पी, जी सदतीस वर्षांपूर्वी क्लबरूममध्ये सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसली होती, ती म्हणाली, "रेघ कसली ओढताय? तिचं नाव लिहा. मोठ्ठं. मला वरून चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

"लेम्पी, नाव लिहिलं तर तिला अवघडल्यासारखं होईल."

"तिला होईल की तुला होईल?" लेम्पी म्हणाली आणि दार लावून घेतलं. या वयात माणसं फार उद्धट होतात.

तेरा सह्या झाल्या. चौदावी सदनिका हेल्काची.

मी दुसऱ्या मजल्यावर तिच्या दारासमोर उभा राहिलो. वाढदिवसाला दोन दिवस होते. जाहिरातीनुसार ती तेव्हा घरी असायला हरकत नव्हती, पण बॅग भरायला घेतलेल्या माणसाला उगाच त्रास कशाला द्या? शिवाय ज्या रेघेने तिला चकित करायचं, त्याच रेघेला तिची लेखी हरकत नाही ना, हे विचारायचं कोणत्या तोंडाने? पण कागद अपुरा नेला तर सातू अडचणीत येणार. मी कागद घडी घालून दारातल्या पत्राच्या फटीतून आत सरकवला आणि जिन्याच्या वळणावर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

आत पावलं वाजली, थांबली. मी श्वास रोखून धरला होता. आतली बाईसुद्धा तेच करत असावी. शेवटी फटीचं झाकण हळूच वर झालं, कागद बाहेर आला आणि पायपुसण्यावर पडला. 'हरकत नाही' या चौकटीत बरोबरची खूण होती आणि खाली सही. कागदाचा एक कोपरा ओला होता. आता तो चहा असेल, कॉफी असेल, मी तर्क करणाऱ्यांतला नाही. पण मी तो कागद छातीशी धरून घरी आलो.

वाढदिवस शनिवारी होता. सकाळी नऊला अख्खी बिल्डिंग श्रमदानाला खाली उतरली. काउकोने आधी सगळ्यांना गोळा करून, अत्यंत हळू आवाजात, सूचना दिल्या. "हेल्का प्रवासात आहे. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे कुणीही बघायचं नाही. आणि आवाज करू नका, तिला ऐकू जाईल."

पडदा हलला. आम्ही वीस-बावीस जणांनी लगबगीने आपापल्या बुटांकडे पाहिलं.

मी लेव्हल लावून अंगणाचा उतार मोजायला बसलो. जाळीची उंची मधोमध एक्क्याण्णव पूर्णांक चार सेंटिमीटर. पण कुठून मोजायची? आउलिसच्या काळात डांबराचा एकच थर होता, त्यानंतर दोन चढले. मी आकडेमोड करून पाहिली तर थर धरून काय किंवा न धरून काय, आउलिसची रेघ चुकीचीच निघत होती, त्याच्या काळच्या जमिनीपासून धरली तर चांगली सहा सेंटिमीटर वर. बरोबर उंचीवर रेघ ओढावी तर बापाची रेघ मोडते. बापाच्या रेघेवरून ब्रश फिरवावा तर माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीचं काय? मी भिंतीकडे पाठ करून वहीत डोकं घातलं. माझ्या मागे पंपाचा आवाज सुरू झाल्याचं मी ऐकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मला वाटलं काउको डबे धुतोय.

मी वळलो तेव्हा काउको जोराच्या पाण्याचा पाइप दोन्ही हातांनी धरून समाधानाने मागे सरकत होता.

"मळक्या भिंतीवर रंग धरत नाही," तो म्हणाला. "बघ कशी लख्ख झाली."

भिंत खरोखरच लख्ख झाली होती. आउलिसची रेघ गेली. आणि रेघच नव्हे, तिच्यावरचे ते हजारो गोल डाग, एकावर एक पडून काळसर झालेले, नऊ वर्षं रोज संध्याकाळी पडलेले, तेही गेले. मला तोवर ते कधी नीट दिसलेच नव्हते. नाहीसे झाल्यावर दिसले.

"काउको," मी म्हणालो, "तो मळ नव्हता रे."

काउकोने भिंतीकडे पाहिलं. पाइप त्याच्या हातातून खाली आला आणि त्याचे बूट भिजत राहिले, तरी तो हलेना. कुणीतरी जाऊन पंप बंद केला. मग आम्ही सगळ्यांनी, काउकोची सूचना मोडून, वर पाहिलं. पडदा पूर्ण उघडा होता आणि हेल्का काचेला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता. एवढ्या अंतरावरून ती रडतेय की आणखी काही, ते कळत नव्हतं. मग ती खिडकीतून नाहीशी झाली.

माझ्या आयुष्यात मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. ज्या बाईला सांगायचं होतं की आम्हाला तुझी लाज वाटत नाही, तिच्या खेळाची शेवटची खूण आम्ही तिच्याच वाढदिवसाला, तिच्याच डोळ्यांदेखत, तिच्याच ना हरकतीने धुऊन काढली होती. आता ती ऊलूला जाणार नाही तर काय करेल? मार्केत्ता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझी बाही धरली. चारचौघांत तिने असं काही करायची ही दुसरी वेळ. पहिली आमच्या लग्नात.

दहा मिनिटं गेली. आणि मग अंगणाच्या फाटकातून, रस्त्याच्या बाजूने, हेल्का आत आली. अंगात हिवाळी कोट, हातात सुटकेस, पायात घरातल्या सपाता. तळघराच्या दाराने बाहेर पडून, लायलॅकच्या कुंपणामागून अख्ख्या बिल्डिंगला वळसा घालून ती 'प्रवासातून परतली' होती. कोटाला लायलॅकची पानं चिकटली होती आणि तिला धाप लागली होती.

सगळे पुतळ्यासारखे उभे. काउको चेअरमन होता, त्याला काहीतरी बोलणं भाग होतं.

"कसा झाला प्रवास?"

"बरा झाला," हेल्का म्हणाली.

"हवा कशी होती तिकडे?"

"इथल्यासारखीच."

तिने सुटकेस खाली ठेवली आणि ती भिंतीपाशी गेली. ओल्या काँक्रीटवर तळहात ठेवून ती उभी राहिली.

"काय चाललं होतं तुमचं?" तिने विचारलं. कागदावर स्वतःच्या हाताने सही करूनही तिने विचारलं, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं होतं.

"रेघ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "जाळीची. तुझी रेघ नव्याने ओढत होतो. ती धुतली गेली. चूक माझी आहे, मी मोजत बसलो होतो."

"चूक माझी," काउको म्हणाला. "मी नियम बघत बसलो होतो."

हेल्काने मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले आणि मार्केत्ता पुढे धावली. पण हेल्का हसत होती. रडतही होती, पण हसणं जास्त होतं.

"ती रेघ चुकीची होती रे," ती म्हणाली. "सहा सेंटिमीटर वर! बाबा गिरणीतले ना. तिथे कागद नेहमी थोडा जास्त धरून कापायचा, मग तासायचा. त्यांनी जाळीपण जास्त धरून आखली. मला ते सतराव्या वर्षी कळलं, बार्सिलोनात. खरी जाळी पाहून मला वाटलं, यांची खाली पडलीय की काय! बारा वर्षांत माझा चेंडू जाळीत असा जवळजवळ अडकलाच नाही. जायचा तो बाहेर जायचा."

'बाहेर' या शब्दावर आम्ही सगळेच गप्प झालो. सदतीस वर्षांची सवय, लगेच कशी सुटणार? आता सगळे आपापल्या घरी जाणार हे मला दिसत होतं. दोघांनी तर झाडूसुद्धा उचलले होते.

तेवढ्यात लेम्पी म्हणाली, "मला उभं राहवत नाही. हेल्का, बसायला मिळेल का तुझ्याकडे?"

हेल्काने किंचित थांबून मान हलवली. "या. सगळेच या."

आम्ही वर गेलो, दारात बूट काढले, मोज्यांवर आत शिरलो आणि दिवाणखान्याच्या उंबऱ्यावरच अडखळलो.

टेबल मांडलेलं होतं. पांढरं टेबलक्लॉथ, चोवीस कप-बशा, वेलचीचा गोड पाव कापून ठेवलेला, दोन स्ट्रॉबेरीचे केक, क्रोशाच्या लेसची झाकणी. एका बशीत बिनसाखरेची बिस्किटं वेगळी काढलेली, लेम्पीला मधुमेह आहे. काउकोला दूध बाधतं, त्याच्यासाठी त्याचं ते वेगळं दूध लहान जगमध्ये. मी केकवरची मलई खात नाही, हे या जगात फक्त मार्केत्ताला ठाऊक आहे असा माझा समज होता. एका कोपऱ्यात बिनमलईचा एक तुकडा होता.

"जाहिरात दिली होती मी," हेल्का कुणाकडेही न बघता म्हणाली. "पण म्हटलं, कुणी आलंच तर."

तिने पन्नाशीलाही असंच मांडलं होतं का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं. मी विचारलं नाही. उत्तर मला सोसलं नसतं.

आम्ही बसलो. कॉफी ओतली गेली. चमच्यांचे आवाज झाले, मग तेही थांबले. मी मार्केत्ताकडे पाहिलं, मार्केत्ताने माझ्याकडे पाहिलं, आणि मला स्पष्ट कळलं की आत्ता, या कपात कॉफी आहे तोवर, कुणी बोललं नाही तर ही बाई ऊलूला जाणार.

मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती.

"हेल्का, आम्हाला कधीच लाज वाटली नाही," मी म्हणालो. "आम्हाला इतका अभिमान वाटत होता की तो कसा सांगायचा ते कळेना. तू हरलीस तेव्हा मी सायकलींच्या खोलीत रडलो. तीनचाकीवर बसून."

मी बसलो. माझे कान पेटले होते. मार्केत्ता माझ्याकडे बघत होती ते मला बघवेना.

हेल्काने कप बशीत ठेवला.

"मग लंडनहून आले त्या दिवशी," ती म्हणाली, "तुम्ही दहा-बारा जण बसस्टँडवर होता. हातात फुलं होती. मी बघितलं. मला वाटलं, माझ्यासाठी. आणि मी उतरले तसे तुम्ही सगळे कुओपियोच्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिलात."

"तुझ्यासाठीच आलो होतो," लेम्पी म्हणाली. "पण तुझा चेहरा बघितला, आणि वाटलं, आत्ता हिला माणसं नको असतील."

"मला माणसंच हवी होती," हेल्का म्हणाली.

काउकोचे डोळे लाल झाले होते. "मी रांगेत पहिला होतो," तो म्हणाला. "बस आली. चढावं लागलं. फुलं घेऊन कुओपियोला जाऊन आलो मी. दोन्ही बाजूंनी दीड-दीड तास."

हेल्का त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग अशी खदाखदा हसली की तिला टेबल धरावं लागलं. लेम्पी हसली, मार्केत्ता हसली, सगळे हसायला लागले. आमच्या बिल्डिंगमध्ये इतका आवाज मी कधी ऐकलेला नाही. आणि बोलायला एकदा जी सुरुवात झाली ती थांबेना. कुणी म्हणे, दुसऱ्या सेटमधली तुझी ती सर्व्हिस! कुणी म्हणे, चार-एकला तू बॅकहँडने मारलास तो फटका! एकतीस जणांतले जितके उरलेत, त्या प्रत्येकाला एकेक गुण पाठ होता. हेल्का एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि मध्येच मार्केत्ताच्या कानाशी वाकून म्हणाली, "ऊलूला कळवायला हवं. त्यांनी माझ्यासाठी खोली रिकामी करू नये."

मार्केत्ताने तिच्या कपात कॉफी ओतली. अगदी काठोकाठ.

"आणि एक सांगतो," काउको म्हणाला. आता त्याला आवरणं शक्य नव्हतं. "तो चेंडू आत होता."

"कुठला?"

"मॅच पॉइंटचा. आत होता. मी सदतीस वर्षं हेच म्हणतोय."

"कुणाला म्हणतोयस?"

"मनातल्या मनात."

"काउको, चार बोटं बाहेर होता. मी तिथे होते."

"मी टीव्हीवर पाहिला. टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं."

हेल्काने साखरदाणीतला एक चौकोनी खडा उचलला. टेबलक्लॉथच्या कडेची निळी पट्टी ही मागची रेषा, असं तिने बोटाने दाखवलं, आणि खडा पट्टीच्या पलीकडे, बरोबर चार बोटं मोजून ठेवला. "इथे पडला."

काउकोने वाकून पाहिलं. मग तर्जनीने तो खडा हळूच ढकलत पट्टीच्या अलीकडे आणला. "इथे."

हेल्काने तो परत बाहेर नेला. काउकोने परत आत आणला. चौतीस वर्षं मोजणी केलेला माणूस शेजारीच बसलाय, पण दोघांपैकी कुणाला माझं मत विचारावंसं वाटलं नाही. तिसऱ्यांदा तिने बाहेर नेला, तेव्हा समोरून लेम्पीचा कापरा हात आला, मग मार्केत्ताचा, मग कुणाकुणाचा, आणि सगळ्यांनी मिळून तो साखरेचा खडा पट्टीच्या आत आणून ठेवला.

हेल्काने हात उचलला, खड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

आणि तिने तो तिथेच राहू दिला.